वही काढून घेण्याआधी

संगणक आणि आपला धंदा : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांतली चार निवडली आहेत. ज्यांनी मला पहिल्यांदाच लिहिलं आहे त्यांच्यासाठी थोडंसं सांगते. १९८६ साली फोर्टमधल्या एका औषध कंपनीच्या ईडीपी, म्हणजे संगणकावर हिशेब चालवणाऱ्या विभागात मी कोबोल या संगणकाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागले आणि २०२१ साली त्याच कंपनीतून संगणक विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले. माझी उत्तरं त्या ३५ वर्षांतली आहेत.

प्रश्न : ताई, भिवंडीजवळ औषधांचं वितरण करणाऱ्या कंपनीत मी चार वर्षं सपोर्टला होतो, दिवाळीत आयटी मॅनेजर झालो. आठ महिन्यांपूर्वी आम्ही नवीन ईआरपी (खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) सुरू केली. ट्रेनिंग दिलं, स्कॅनर दिले. तरी गोडाऊनची माणसं दिवसभर वहीत लिहितात आणि संध्याकाळी साडेसहानंतर एकदम एन्ट्री मारतात. दुपारी स्टॉक बघितला तर तो कधीच खरा नसतो. डायरेक्टर म्हणतात, वह्या जप्त करा. करू का?
— वाचक, वय ३१, ठाणे

उत्तर : नको करूस. निदान ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय तरी नको.

१९९७ साली आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं. शिवडीच्या गोडाऊनमध्ये टर्मिनल बसवून दोन वर्षं झाली होती आणि तिथले स्टोअरकीपर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, आपली लाल कापडी पाठीची लांबट वही सोडायला तयार नव्हते. साहेबांनी मला पाठवलं ते ती वही बंद करायलाच. स्क्रीन माझ्याच हातची होती, त्यामुळे मला त्यांचा रागही आला होता.

जुलै महिना होता. सकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदी असायची, त्यामुळे बंदी उठली की सगळे ट्रक एकदम यायचे. अकराच्या सुमाराला पाच ट्रक दाराशी लागले. माल उतरत होता बाहेर, पत्र्याच्या शेडखाली. टर्मिनल आत, काचेच्या केबिनमध्ये. मधलं अंतर मी पावलांनी मोजलं, ४६ पावलं भरली. स्क्रीन आधी सप्लायरचा कोड मागायची, मग पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर, मग आयटम, बॅच, एक्सपायरी, नग. एवढं सगळं भरल्याशिवाय सेव्ह होत नसे. पीओ नंबर असतो चलनावर. चलन ड्रायव्हरच्या खिशात, आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. खोकी मात्र उतरतच होती, कारण मुकादम आणि त्याची टोळी चलनासाठी थांबत नाही. काका शेडखाली उभे राहून कोपरावर वही धरून लिहीत होते, आणि दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं.

दुपारी जेवणानंतर मी वही मागून घेतली. त्यांच्या वहीत आठ रकाने होते, माझ्या स्क्रीनवर सहा. जास्तीचे दोन म्हणजे टोळी आणि शेरा. टोळीचा रकाना कशाला, तर कुठल्या माथाडी टोळीने किती खोकी उतरवली यावर हमालीचा हिशेब व्हायचा. आणि शेऱ्यात असायचं ‘४ खोकी ओली’, ‘सील तुटलेलं’, ‘एक खोकं अर्धं’. पण काही ओळींपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मशीन खराब म्हणतं. माल ताजा.’ तीन आठवड्यांत सहा ठिकाणी तीच ओळ.

मी विचारलं. काका म्हणाले, “तुमचं मशीन या गोळ्या एक्सपायर दाखवतं, बाई. खोक्यावर बघितलं तर तीन वर्षं बाकी आहेत. मी वहीवरून माल सोडतो.”

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. त्या काळी जागा वाचवायला आम्ही वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवायचो. तीन वर्षं टिकणारं औषध १९९७ साली आलं की त्याची मुदत २००० सालची, म्हणजे फाइलमध्ये ००. माझा प्रोग्रॅम ०० ला ९७ पेक्षा लहान समजत होता आणि ताजा माल मुदतबाह्य म्हणून अडवत होता. औषधांच्या धंद्यात ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढायचा असतो, त्यामुळे मुदतीचा क्रम चुकला की गोडाऊनचं सगळंच उलटं होतं. १ जानेवारी २००० रोजी काय होईल याची चर्चा पुढे दोन वर्षं सगळीकडे झाली. आमच्याकडे ती चूक आधीच दारातून आत आली होती आणि एका माणसाने ती पेन्सिलीने टिपून ठेवली होती. फोर्टमध्ये कुणाला पत्ता नव्हता, कारण काका वहीवरून माल वेळेवर सोडत होते आणि एकाही केमिस्टची तक्रार आली नव्हती. मी त्या दिवशी वही उचलून आणली असती, तर आठवड्याभरात औषधं अडली असती आणि दोष काकांवर गेला असता. हे आठवलं की आजही मला अस्वस्थ व्हायला होतं.

आम्ही वर्षाचे चार आकडे केले, त्याला बरेच महिने लागले. स्क्रीन मात्र लगेच बदलली. चलनाशिवाय ‘कच्ची आवक’ सेव्ह होऊ लागली, टोळी आणि शेरा हे दोन रकाने आले, आणि टर्मिनल केबिनमधून उचलून शेडच्या दाराशी, प्लास्टिकचं आच्छादन घालून ठेवला. पुढच्या संक्रांतीपर्यंत वहीची नवी पानं भरायची थांबली. बंद करा असं कुणीच म्हटलं नव्हतं.

तर तू तीन दिवस गोडाऊनला काढ. एक साधा दिवस, एक महिनाअखेरचा, आणि जमलं तर एक धो धो पावसाचा. तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला आधी सांग की मी वही न्यायला आलेलो नाही, वाचायला आलोय. मग स्वतः ५० खोकी स्कॅन कर. बारकोड खोक्याच्या कुठल्या बाजूला आहे आणि थप्पी लागल्यावर तो दिसतो का? लोखंडी रॅकच्या मागे वाय-फाय तुटतं का? तुटलं तर अर्धवट भरलेली एन्ट्री राहते की जाते? ज्याच्या २० खोक्यांची एन्ट्री एकदा उडाली, तो माणूस वहीकडे जाणारच, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते. वहीतला प्रत्येक रकाना लिहून घे आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची जागा कुठे आहे ते शोध. ज्याला जागा नाही तोच रकाना तुझं पुढच्या तीन महिन्यांचं काम. डायरेक्टरांनाही अर्धा दिवस सोबत ने. माझ्या साहेबांना मी नेलं होतं, आणि टर्मिनल हलवायचा खर्च त्यांनी शेडखाली उभं राहूनच मंजूर केला.

प्रश्न : वय ३८. आयटीत १५ वर्षं. मॅनेजमेंटमध्ये वर जाण्यासाठी आयटिल (आयटी सेवा सांभाळण्याचं प्रमाणपत्र) करू, पीएमपी (प्रोजेक्ट सांभाळण्याचं) करू की अर्धवेळ एमबीए?
— वाचक, बोरिवली

उत्तर : कंपनी पैसे देत असेल तर यातलं कुठलंही करा, नुकसान नाही. पण त्याआधी तुमच्या अकाउंट्स खात्यात एक मार्चएंड काढा. ताळेबंद कसा जुळतो, उधारी किती दिवसांची आहे, माल परत आला की पैसे कुठून वळते होतात, हे तिथल्या लोकांकडून समजून घ्या. माझ्याबरोबरचे तांत्रिक दृष्टीने माझ्यापेक्षा हुशार असलेले दोघे-तिघे वर गेले नाहीत, कारण बैठकीत धंद्याचा आकडा निघाला की ते गप्प बसायचे. मला ते शिकवलं आमच्या हेडक्लार्कबाईंनी, डबा खाता खाता.

प्रश्न : वाशीच्या मार्केटमध्ये आमचं घाऊक दुकान आहे. नऊ कॉम्प्युटर, टॅली, एक छोटा सर्व्हर. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप आपोआप होतो, हिरवी खूण दिसते. आता एक कन्सल्टंट म्हणतो, क्लाउडवर दुसरी पूर्ण यंत्रणा उभी करा. खर्च ऐकून छातीत धडधडलं. खरंच लागतं का एवढं?
— वाचक, वय ५६, नेरूळ

उत्तर : एवढं बहुधा लागणार नाही. पण त्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. असं का म्हणते, ते सांगते.

२६ जुलै २००५, मंगळवार. तोवर आमचा सर्व्हर कुर्ल्याला, मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर हलवला होता. मी फोर्टच्या ऑफिसात होते आणि तिथे पाऊस रोजच्यासारखाच वाटत होता. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात. गाड्या बंद, फोन लागेना, रात्र टेबलावर डोकं ठेवून काढली. कुर्ल्याला पोचले ती गुरुवारी. सर्व्हर रूमच्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ होती. सर्व्हरचं झाकण उघडलं तर आत बोटभर गाळ आणि एक गवताची काडी.

तरीही मला भीती वाटत नव्हती. रोज संध्याकाळी आमचा ऑफिसबॉय आदल्या रात्रीच्या बॅकअपची टेप फोर्टच्या कपाटात आणून ठेवायचा. अकरा टेपा, कोरड्या, तारखा घातलेल्या. पहिली टेप फोर्टच्या ड्राइव्हमध्ये घातली. वाचेना. दुसरी वाचेना. लॅमिंग्टन रोडवरून नवा ड्राइव्ह आणला, त्यालाही लागेना. कुर्ल्याच्या ड्राइव्हचं हेड कधीतरी किंचित सरकलं होतं. आपण लिहिलेलं त्याचं त्याला वाचता येत होतं, म्हणून रोज सकाळच्या रिपोर्टवर ‘सक्सेसफुल’ छापून यायचं आणि खाली माझी सही असायची. ते अक्षर दुसऱ्या कुठल्याच ड्राइव्हला लागत नव्हतं, आणि ज्याला लागत होतं तो चिखलात गेला होता.

एकच टेप उघडली, ३१ मार्चची. ती ऑडिटरांसाठी फोर्टच्या मशीनवर लिहिलेली होती. एप्रिलपासूनचे जवळजवळ चार महिने आम्ही शाखांकडच्या गुलाबी कार्बन प्रतींवरून पुन्हा भरले. १४ माणसं, तीन आठवडे, रविवार धरून. त्यातल्या काहींच्या स्वतःच्या घरात अजून पाण्याचा वास होता, तरी ती आली. त्यांचे चेहरे मी विसरलेले नाही. एक टेप घेऊन दुसऱ्या मशीनवर वाचून बघायला अर्धा तास लागला असता, आणि मी तो वर्षभरात एकदाही काढला नव्हता.

आता तुमच्याकडे येते. तुमची डिस्क सर्व्हरला कायम जोडलेली आहे, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर सर्व्हरबरोबर ती डिस्कही कुलूपबंद होईल. दोन डिस्क घ्या, आलटूनपालटून वापरा, आणि जी जोडलेली नाही ती नेरूळला घरी न्या. डिस्कला पासवर्ड घाला आणि तो कागदावर लिहून बंद पाकिटात घरच्या कपाटात ठेवा. शिवाय एक प्रत क्लाउडवर, पण साधी, मागच्या ३० दिवसांच्या प्रती जपून ठेवणारी. कन्सल्टंट सांगतो तसली दुसरी यंत्रणा नव्हे. जुनं वर्षही फेकू नका, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात.

मग दर तीन महिन्यांनी एका शनिवारी घरची डिस्क वेगळ्याच कॉम्प्युटरला लावा. भावाचा लॅपटॉपही चालेल. टॅली उघडा, त्या डिस्कवरच्या शेवटच्या तारखेचं एक बिल काढा आणि दुकानातल्या छापील बिलाशी ताडून बघा. मालाचं नाव, वजन, रक्कम. जुळलं की डायरीत तारीख घालून सही करा. ती सही खरी.

खर्चाचं म्हणाल तर कन्सल्टंटच्या आधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. सर्व्हर बंद पडला तर दुकान हाताने बिलं फाडून किती दिवस चालेल? आणि किती दिवसांची बिलं पुन्हा भरायला तुमच्या माणसांना जमेल? उत्तर ‘दोन दिवस’ असेल तर वरची व्यवस्था तुम्हाला पुरते. उत्तर ‘एक तास’ असेल तर मात्र कन्सल्टंटचं ऐका. आणि रॅन्समवेअरसारखा हल्ला झालाच, तर तो लपवू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तो लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायचा असतो. त्यांचा पत्ता आणि फोन आजच त्या पाकिटावर लिहून ठेवा.

प्रश्न : ऐरोलीच्या एका कंपनीत मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. एका हॉस्पिटलची बिलिंग सिस्टिम १ तारखेला सुरू व्हायची आहे. कॅशलेस मेडिक्लेमच्या डिस्चार्ज बिलाचं टेस्टिंग अजून झालेलं नाही आणि तोवर होणारही नाही. स्टेटस रिपोर्टमध्ये मात्र आम्ही सहा आठवडे ‘ग्रीन’, म्हणजे सगळं वेळेवर, असं दाखवतोय. टीमलीड म्हणतो, आत्ता काही बोलू नकोस, शेवटच्या आठवड्यात बघू. मला झोप लागत नाही.
— वाचक, वय २७, डोंबिवली

उत्तर : झोप लागत नाही, याचा अर्थ तुला काम समजलेलं आहे.

१९९१ साली बोनसचा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. ओळीने तीन सोमवार मी साहेबांना “नव्वद टक्के झालंय” सांगितलं. उरलेल्या दहा टक्क्यांत गैरहजेरीची कपात होती, आणि सगळं अवघड तेच होतं. चौथ्या सोमवारी खरं सांगितलं तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. अकाउंट्सच्या चौघी दोन रात्री बसून हाताने बोनसपत्रक लिहीत होत्या. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री शेवटच्या गाडीने त्या घरी गेल्या. मला कुणी एक शब्द बोललं नाही. मी फराळाचे डबे घेऊन चौघींच्या घरी जाऊन आले.

जीएसटीच्या वेळी मी वेगळं वागले. १ जुलै २०१७ ही तारीख सरकारची, ती हलणार नव्हती. ६ जूनला मी एमडींना जाऊन सांगितलं की १ जुलैला बिल बरोबर छापलं जाईल, जीएसटी नंबर आणि एचएसएन कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा) यांसकट. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाणाऱ्या मालाची बिलंही निघतील. पण केमिस्टांकडून मुदत संपून परत येणाऱ्या मालाच्या क्रेडिट नोटा ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघणार नाहीत. ते रागावले, आणि रागावणं साहजिक होतं. पण हातात २५ दिवस होते. सेल्सवाल्यांनी सगळ्या केमिस्टांना फोन केले की परतीचा माल २५ जूनपर्यंत पाठवा, नाहीतर ऑगस्टनंतर. बहुतेकांनी पाठवला. हाच निरोप मी ३० जूनला दिला असता, तर त्याचं कुणीच काही करू शकलं नसतं.

म्हणून ‘ग्रीन’ खोडून ‘रेड’ लिहिणं एवढ्यावर थांबू नकोस. रंगावरून हॉस्पिटलला काहीच कळत नाही. तीन ओळी लिही. १ तारखेला काय नक्की चालेल : ओपीडीचं बिल, रोख डिस्चार्ज, औषधांचं बिल, जे तू स्वतः तपासलं आहेस तेवढंच. काय चालणार नाही : कॅशलेस डिस्चार्ज, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत चालेल. तोवर काय करायचं : जुनी सिस्टिम त्या एका कामासाठी चालू ठेवायची, की मेडिक्लेम डेस्कवर एक जास्तीचा माणूस बसवायचा. तिसरी ओळ लिहिण्याआधी हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर एक सकाळ जाऊन बस. तिथे डिस्चार्ज मिळालेला पेशंट कपडे बदलून, पिशवी भरून कॉटवर बसलेला असतो आणि नातेवाईक मंजुरीसाठी खिडकीशी उभे असतात. दिवसाला असे किती असतात ते मोज आणि तो आकडा तिसऱ्या ओळीत घाल.

ते पत्र आधी टीमलीडला दाखव. त्याला वगळून वर जाऊ नकोस, कदाचित तोही घाबरलेला असेल आणि तुझ्या तीन ओळींनी त्यालाही बोलायला आधार मिळेल. तरीही त्याने नको म्हटलं, तर त्याला शांतपणे विचार की १ तारखेला दुपारी त्या खिडकीवर हाताने बिल कोण लिहून देणार, त्या माणसाचं नाव आपण आजच ठरवूया.